बायजाआत्याची ओळ

वरवंडला उगवतीचा वारा सुटला की कुरकुंभचा वास येतो. औषधाच्या बाटलीचं बूच कुणीतरी उघडं टाकल्यासारखा. गुऱ्हाळांचा गोड, जरासा करपट वास तर बारमाही, त्याची नाक आता दखलही घेत नाही. पण पौष सरत आला की एखाद्या सकाळी या दोन्ही वासांना बाजूला सारून तिसराच एक वास घरात शिरतो. शेणींच्या आरावर भाजलेल्या कोवळ्या जोंधळ्याचा. हुरड्याचे दिवस आले, हे मला कॅलेंडरच्या आधी नाक सांगतं. आणि दर वर्षी, न चुकता, त्या वासाबरोबर माझं मन खट्टू होतं.

हायवेला आता 'हुरडा पार्टी'च्या पाट्या लागतात. झोके, बैलगाडीची चक्कर, डोक्याला फेटा आणि पानात गूळ-खोबरं. पुण्याहून माणसं गाड्या भरभरून येतात. आमच्या घरी मात्र हुरडा आला की माझी सून मला चिडवते, "आई, जग त्यासाठी धावत येतं आणि तुम्ही दारात आलेला शेजारणीला देऊन टाकता." मला पित्त होतं, असं मी सांगते. आमच्याकडे पित्ताची कुणी उलटतपासणी घेत नाही. मुलगा कुरकुंभला कंपनीत शिफ्टवर असतो, तो तेवढा एकदा म्हणाला होता, "आई, तुला फक्त पौष-माघातच कसं गं पित्त होतं?" मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत बाई होते. प्रश्न ऐकू न आल्यासारखं करणं मला उत्तम जमतं.

यंदा हुरडा दारात आला तो माहेरच्या सरपंचाबरोबर. माझं माहेर शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या अलीकडे. सरपंच तिशीतला, पांढऱ्या शर्टातला, हातात दोन मोबाइल. गावची लेक म्हणून मला आत्या म्हणतो. पिशवीभर कणसं ओट्यावर ठेवून म्हणाला, "आत्या, सव्वीस जानेवारीला तुम्ही यायचंच. प्रमुख पाहुण्या तुम्हीच. आपला तो चारीवरचा दगड जेसीबी लावून काढला. चावडीपुढं चौथरा केलाय, ग्रॅनाइट बसवलंय. आपल्या गावच्या वीरांचं स्मारक. फुल प्लॅनिंग केलंय."

मोबाइलवर त्याने फोटो दाखवला. चिखल लागलेला, कडेला टवका उडालेला काळा दगड. पन्नास वर्षांनी त्याचं तोंड बघत होते.

"लहानपणी तुम्ही त्या दगडावर लई भारी भाषण केलं होतं म्हणं. आमचे आबा अजून सांगतात. म्हणून म्हणलं, पाहुणा बाहेरचा कशाला?"

मी बरं म्हणाले. नाही म्हणायची मला सवय नाही, आणि या सगळ्याचं मूळही तेच आहे.

माझ्या लहानपणी तो दगड चावडीच्या उजव्या अंगाला उभा असे. माणसाच्या छातीएवढा उंच, पुढून घासून गुळगुळीत केलेला, मागून ओबडधोबड. वर इंग्रजी, खाली मराठी. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगाव असे दगड बसवले होते, हे मला फार पुढे कळलं. गावात त्याला 'साहेबाचा दगड' म्हणत. कुणी त्याला रेडकू बांधी, कुणी पानाचा चुना पुशी. सणासुदीला चावडीला चुना लागला तर उरलेल्या चुन्याचा एक हात त्यालाही बसे, मग काडीने अक्षरं कोरून काढायचं काम आम्हा पोरांना. त्यामुळे त्याच्या पाच ओळी मला तोंडपाठ होत्या.

या गावातून
एकवीस असामी
महायुद्धास गेले.
पैकी चौघांनी
प्राण दिले.

बस, एवढंच. साहेबाने माणसं मोजली होती, नावं लिहिली नव्हती. मेंढरं मोजतात तशी. पण हा विचार आजचा. तेव्हा मी तिसरीत होते आणि मला फक्त 'असामी' या शब्दाची गंमत वाटे.

बायजाआत्या ही आमच्या गावातच जन्मलेली आणि गावातच दिलेली, म्हणून सगळ्या पोरांची आत्या. पन्नाशी उलटलेली, उंच, हातभर गोंदण, अंगाला लोकरीचा वास. त्यांच्या घरी पूर्वी मोठा वाडगा होता मेंढरांचा. माझ्या लहानपणी दहा-बारा उरली होती आणि बाकी सगळं जोंधळ्याचं रान. तिचा बाप रखमाजी लढाईला गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. साहेबाला जनावरांतलं कळणारी माणसं हवी होती, म्हणून मेंढरामागचा माणूस नेला आणि त्याच्या हाती खेचरं दिली. बसऱ्याला, तिकडे इराकात. "बसरा" हा शब्द ती असा उच्चारी, जणू ते शिरूरच्या पलीकडचं गाव आहे आणि रानातून सवड मिळाली असती तर तीही एकदा जाऊन आली असती.

तो गेला तेही हुरड्याच्या दिवसांत. रानात आर पेटला होता, कणसं आरात खुपसली होती आणि बोलावणं आलं. "आय म्हनायची, कनसं तशीच आरात ऱ्हायली गं. खाऊन तरी जा म्हनलं, तर म्हनला, आल्यावं खाईन." पुढे तो मेल्याचा कागद सरकारातून आला. कागद आला तरी तिच्या आईने तीन वर्षं बांगड्या फोडल्या नव्हत्या. माणूस डोळ्यांनी पाहिला नाही, मग गेला कसं म्हणायचं?

म्हणून बायजाआत्याच्या घरात एक रीत होती. रानातली पहिली पाच कणसं साहेबाच्या दगडापाशी ठेवायची, मगच घरादाराने हुरडा खायचा. बाकी कुणी आपल्या थोरांसाठी कावळ्याला घास ठेवतं, कुणी नदीला जातं. तिच्या बापाची राख नव्हती, देव्हाऱ्यात टाक नव्हता, समाधी नव्हती. गावात त्याच्यासाठी असलेली एकच वस्तू म्हणजे तो दगड, आणि तोही साहेबाने दिलेला.

अशाच एका सकाळी मी चावडीपुढच्या उन्हात पाटी घेऊन बसले होते. ती कणसं ठेवून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "वाचाया येतं व्हय गं तुला?"

"येतं की."

"समदं?"

"सगळं." शाळामास्तरांची मुलगी मी. गावात माझ्या वडिलांना गुरुजी म्हणत आणि मला गुरुजींची पोर. सगळं येत नाही म्हणायचं माझ्या घराण्यात बसत नव्हतं.

"मंग माज्या बाचं नाव कुठं हाय त्येवडं दाव."

मी दगडासमोर उभी राहिले. तोंडपाठ ओळी पुन्हा वाचल्या. एकदा, दोनदा. इंग्रजी ओळींकडेही बघितलं, त्या मला वाचता येत नव्हत्या आणि तिथे असेल का, असाही एक भाबडा विचार आला. तिची नजर माझ्या ओठांवर होती. 'नाव नाही' एवढे दोनच शब्द मला म्हणायचे होते.

"इथं," मी म्हणाले, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

तिने हात लुगड्याला पुसला. माझं बोट होतं तिथे आपलं बोट ठेवलं आणि अक्षराच्या खाचेतून हळूहळू फिरवलं. मग म्हणाली, "चांगलं खोल घातलंय गं नाव."

त्या दिवशी माझ्या ओंजळीत मावेना एवढा हुरडा तिने मला दिला. मी तो गुळाबरोबर सगळा खाल्ला. मी खाल्लेला तो शेवटचा गोड हुरडा.

खोटं बोलताना मला मजा वाटली नव्हती, तिला फसवायचंही नव्हतं. तिला बरं वाटावं म्हणून बोलले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं हे की मला सगळं वाचता येतं, हे सिद्ध करायचं होतं. खरं वाचून दाखवलं असतं तरी ते सिद्ध झालंच असतं, पण तिच्या तोंडावरचा आनंद दिसला नसता. मला दोन्ही हवं होतं.

पुढे येता-जाता ती त्या ओळीला बोट लावी. आणि एक नवं सुरू झालं. घरात कसलाही कागद आला, पत्र असो, सातबारा असो, सोसायटीची नोटीस असो, की ती तो पदराखाली धरून आमच्याकडे येई. "पोरीला वाचू द्या, गुरुजी." तिचा मुलगा बबन चौथी झालेला, विशीतला, घरातच होता. तरी ती माझ्याकडे येई. याचा मला अभिमान वाटे. बबन त्या दिवसांत मला बघितलं की रस्ता बदली. त्याचं कारण मला कळत नव्हतं आणि मी ते शोधलंही नाही.

पाचवीत सव्वीस जानेवारीला मी भाषण केलं. वडिलांनी लिहून दिलेलं. माझे वडील खादी वापरत, तरुणपणी प्रभातफेऱ्यांतून फिरलेले. त्यांना तो दगड बघवत नसे, आणि त्यांचा राग खरा होता, हे मी आजही म्हणेन. ज्यांनी आपल्याला लुबाडलं त्यांच्या लढाईत आपली माणसं मेली, आणि त्यांची पावती म्हणून हा दगड आपण चावडीच्या दारात मिरवतो, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काय होती? मी ते घोकलं, हातवाऱ्यांसह बसवलं. "ही गुलामीची खूण आपल्या दारात ताठ मानेनं उभी आहे," या वाक्याला दगडाकडे बोट दाखवायचं होतं. तेच बोट. भाषणाच्या भरात ते मला आठवलंसुद्धा नाही.

टाळ्या थांबेनात. तरुण मंडळातले लोक उभे राहिले. भिंतीकडेला बायकांत बायजाआत्या बसली होती, तिनेही टाळ्या वाजवल्या. नंतर माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "लई ग्वाड बोललीस बया." 'गुलामीची खूण' म्हणजे तिच्या बापाचा दगड, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. गुरुजींची पोर तिच्या बापाबद्दल वाईट बोलेल, हे तिच्या मनातच येणं शक्य नव्हतं.

आठ दिवसांत दगड गेला. गावातून रानाकडे जाताना कालव्याची चारी आडवी येई, चार-पाच फूट रुंद. तिच्यावरची लाकडं कुजली होती. मंडळाच्या पोरांनी पहारी घालून दगड उपटला आणि बैलजोडीने ओढत नेऊन चारीवर आडवा टाकला. घासलेली बाजू वर ठेवली तर पाय घसरतील, म्हणून खडबडीत बाजू वर केली. स्वतंत्र देशात गुलामीची खूण लोकांच्या पायाखाली आली आणि चिखलही चुकला. सगळे खूश. वडिलांनी वर्गात त्याचा दाखला दिला.

त्या वर्षी पेरण्या उशिरा झाल्या होत्या, हुरडाही उशिरा धरला. बायजाआत्या पाच कणसं घेऊन चावडीपाशी आली तेव्हा तिथे खड्डा होता. ती आमच्या दारात आली. वडील शाळेत होते. मी अंगणात.

"दगुड कुठं गेला गं?"

"चारीवर टाकला. पूल केला."

तिने चारीच्या दिशेला बघितलं. मग एवढंच विचारलं, "नाव वर हाय का खाली?"

"खाली."

"म्हंजी पान्याकडं त्वांड हाय." स्वतःशीच मान हलवून म्हणाली, "बरं हाय. बसऱ्याला पानी न्हवतं म्हनं."

तिने मला एक शब्दही बोल लावला नाही. रडली असती, गुरुजींशी भांडली असती, तर माझं लहानपण एवढं जड झालं नसतं. ती चारीवर गेली आणि पाचही कणसं दगडाच्या अलीकडे पाण्यात सोडली. ती वाहत दगडाखाली गेली. मी लांबून बघत होते. पलीकडून किती बाहेर आली ते मला दिसलं नाही.

त्या दिवसापासून बायजाआत्या त्या दगडावर पाय देईना. डोक्यावर कडब्याची पेंढी असो, काखेत टोपली असो, ती चारीच्या काठावर थांबे, लुगडं वर खोची आणि पाण्यात उतरून पलीकडे जाई. रब्बीच्या आवर्तनाला चारीत गुडघाभर पाणी असतं, आणि माघातल्या सकाळी ते पाणी हाडात शिरतं. सगळं गाव दगडावरून जाई. तिची सून जाई, बबन जाई, बैल जात. ती एकटी पाण्यातून.

एकदा मी दगडापाशी पोचले तेव्हा ती पाण्यात अर्ध्यात होती. मी थबकले. ती म्हणाली, "जा, तू जा की वरनं. ल्येकराला पाप न्हाई."

मी दगडावरून गेले. दप्तर सावरत, चार पावलांत.

तेव्हा मला बोलता आलं असतं. 'आत्या, तिथं नाव नाहीच. खुशाल पाय द्या.' तिचे पाय सुटले असते. पण मग बाप कुठे राहिला असता? दगडावर नाही, पाण्यात नाही, कुठेच नाही. हा पेच मला दहाव्या-अकराव्या वर्षी एवढा नीट कळत होता असं म्हटलं तर ते माझं आणखी एक खोटं होईल. मला तेव्हा फक्त भीती वाटत होती. पेच नंतर कळला, आणि कळल्यावरही मी गप्पच होते.

एकदा वडील जेवताना हसत सांगत होते, "त्या बायजाबाईंना म्हटलं, अहो दगडावरून या की, एवढ्या थंडीत पाण्यातून कशाला? तर म्हणतात, 'ऱ्हाऊ द्या गुरुजी, पाय धुऊन हुत्यात.' गमतीची बाई आहे." आई हसली. माझा घास तोंडातच राहिला. आईला वाटलं भाजी तिखट झाली, तिने ताटात दही वाढलं.

पुढे मी शिकायला शिरूरला गेले, मग डी.एड., मग नोकरी, मग दौंड तालुक्यात लग्न. बायजाआत्या गेल्याचं वडिलांच्या पत्रात एका ओळीत होतं: 'बायजाबाई वारल्या, शेवटी गुडघ्यांनी फार त्रास दिला.' ती ओळ मी किती वेळा वाचली असेन. गुडघे म्हातारपणी सगळ्यांचेच जातात, हे मलाही समजतं. आता माझेही कुरकुरतात, आणि मी तर आयुष्यभर कोरड्या रस्त्याने चालले.

पहिलीची पोरं वाचायला शिकतात तेव्हा एक लबाडी करतात. धडा ऐकून ऐकून पाठ झालेला असतो. मग बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्याच ओळीवर. ऐटीत वाचत सुटतात. हे ओळखायला मी फार हुशार होते. "बोट आहे तिथलं वाच," मी म्हणायची. तपासायला आलेले साहेब म्हणत, बाईंच्या वर्गातली मुलं खरोखर वाचतात. सगळ्या नोकरीत मला शाबासकी मिळाली ती याच गोष्टीसाठी, आणि दर वेळी मला अक्षराच्या खाचेतून फिरणारं ते एक गोंदलेलं बोट दिसे. हे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

सव्वीस जानेवारीला सकाळच्या गाडीने निघाले. चौफुला, न्हावरा, शिरूर. दुतर्फा ऊसच ऊस, मध्येच एखाद्या पट्टीत जोंधळा, त्यावर पाखरांसाठी बांधलेल्या चमकणाऱ्या पट्ट्या. पर्समध्ये भाषणाचा कागद होता. या खेपेला माझा मी लिहिलेला. त्यात सगळं होतं. दगड, बोट, भाषण, चारी. गावासमोर एकदा वाचून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं होतं. साठी उलटली, आता कुणाला घाबरायचं?

चावडीपुढे भलंमोठं फ्लेक्स लागलं होतं. 'शौर्याचा वारसा'. त्यावर रणगाडा, वर दोन लढाऊ विमानं, खाली मंडळाच्या सगळ्या कार्यकर्त्यांचे गॉगल लावलेले फोटो. खेचर कुठेच नव्हतं. ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत वीरांची नावं होती. मी मोजली, बाईंची खोड. सव्वीस. दगड म्हणतो एकवीस गेले. स्मारक होणार म्हटल्यावर प्रत्येक भावकीला आपापला एक पूर्वज आठवला होता. पन्नास वर्षांपूर्वी याच गावात कुणी 'आमचा आजा साहेबाच्या पलटणीत होता' असं चारचौघांत म्हणत नसे. दगड तोच. आम्ही त्याला आडवा केला तेव्हाही टाळ्या वाजवल्या, परत उभा केला तेव्हाही वाजवणार होतो. बायजाआत्याला त्याच्याकडून अभिमान नको होता आणि तिला त्याची लाजही वाटली नव्हती. तिला बापाला हुरडा द्यायचा होता, एवढंच.

सव्वीस नावांत नववं 'वीर रखमाजी' होतं.

कार्यक्रमाला थोडा अवकाश होता. मांडवात खुर्च्या लावणं चाललं होतं, माइकवाला 'हॅलो, माइक टेस्टिंग' करत होता. जुना दगड ग्रॅनाइटच्या डाव्या हाताला सिमेंटमध्ये उभा केला होता. तारेच्या ब्रशने घासूनही अक्षरांवरचा क्षार पुरता निघाला नव्हता. काही ओळी निम्म्या बुजलेल्या, काही नुसत्या रेघा. त्याच्यापुढे एक म्हातारा माणूस उभा होता. पांढरी टोपी, हातात फडक्यात गुंडाळलेली कणसं.

मी ओळखलं. "बबनदादा."

"या ताई." त्याने रस्ता बदलला नाही. बदलायला आता जागाही नव्हती.

इकडचं-तिकडचं बोलायला माझ्याजवळ काही नव्हतं. "दादा, मला एक सांगायचंय. आत्यांना मी या दगडावर एक नाव—"

"नाव न्हवतं, त्येच ना?" तो दगडाकडेच बघत होता. "मला वाचता येतं, ताई. तुमच्या वडलांनीच शिकवलं. चौथीपत्तोर."

मग तोच पुढे बोलू लागला.

"आईला म्हनलं हुतं मी. आये, हितं आकडं हायती, नाव न्हाई. तर लई चिडली. म्हनली, गुरुजींची पोर खोटं बोलंल व्हय? तुलाच धड वाचता येत न्हाई. दोन दिस बोलली न्हाई माझ्याशी. तवापासनं घरात कागुद आला की तुमच्याकडं. मी हितं समोर बसलेला असायचो, आन् ती कागुद घिऊन तुमच्या दारात."

मला वाटायचं की मी एका बाईला एक खोटं नाव दिलं. त्याच बोटाने मी एका मुलाला त्याच्या आईसमोर खोटा पाडला होता, हे मला पन्नास वर्षांनी कळत होतं.

"राग आला असेल माझा."

"आला की. म्हनून तर तिच्यासंगं कवा दगडाकडं आलो न्हाई. लई म्हनायची, चल, आज्याला हात लाव. न्हाई आलो." त्याने कणसांचं फडकं या हातातून त्या हातात घेतलं. "आता राग कुनावं धरायचा? तुमी बी म्हाताऱ्या झाल्या."

"मी आज भाषणात सगळं सांगणार आहे. लिहून आणलंय."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "नगा सांगू."

"का?"

"लोकं तुमाला काय न्हाई म्हननार. बाई किती खरं बोलल्या म्हनून टाळ्या वाजवत्याल. हसत्याल आईला. न्हाई त्या वळीला जलमभर हात लावत बसली, म्हनत्याल. पान्यातनं गेली, खुळी हुती म्हनत्याल. ऱ्हाऊ द्या."

पर्समधला कागद मी बाहेर काढलाच नाही. पुन्हा एकदा टाळ्या मिळवायच्या होत्या मला, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

"त्यापरीस एक करा," तो म्हणाला. "तिकडं नवं नाव हाय, पन त्ये ह्या पोरांनी घातलंय. आई हात लावायची ती वळ मला दावा. कंची हुती? म्या कवा बघितलीच न्हाई."

त्याने फडकं सोडलं. पाच कणसं. कोवळी, हिरवट, दाण्यावर अजून पांढरी लव.

मी दगडासमोर उभी राहिले. या गावातून. एकवीस असामी. ओळी मला आजही पाठ आहेत. पण त्या सकाळी मी कुठल्या ओळीवर बोट ठेवलं होतं, ते काही केल्या आठवेना. वर होतं की मध्ये? तिला वाकावं लागलं होतं का? मी ज्याची आठवण जन्मभर बाळगली, ज्यासाठी हुरडा सोडला, त्यातली ही एकच गोष्ट माझ्याजवळ नव्हती. कशी असेल? मी तेव्हा ओळ बघितलीच नव्हती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

बबनदादा वाट बघत होता. त्याची नजर माझ्या हाताकडे.

"इथं," मी म्हणाले, आणि मधल्या ओळीवर बोट ठेवलं.

तो खाली वाकला. चष्मा सारखा केला. माझ्या वडिलांनी शिकवलं असेल तसं एकेका अक्षराखाली बोट धरून वाचू लागला. सुरुवातीची अक्षरं क्षाराने बुजली होती. शेवटचा शब्द तेवढा उरला होता.

"गे... ले." त्याने पुन्हा वाचलं. "गेले."

"हो."

"बराबर हाय," तो म्हणाला. "आईला तरी त्येवडंच म्हाईत हुतं."

त्याने टोपी काढली, पाचही कणसं त्या ओळीखाली सिमेंटवर ठेवली आणि अक्षराच्या खाचेवरून बोट फिरवलं. माइकवर सरपंच माझं नाव घेऊन पाहुण्यांना स्टेजवर बोलवत होता.  ती ओळ मला आठवत नव्हती, हे मी बबनदादालाही सांगितलं नाही.